आठ वर्षं समोरासमोर

पत्र थोडक्यात असं: लेखक शाळेत क्रीडाशिक्षक आहेत. त्यांच्या भागात दोन समाजांच्या दोन वस्त्या शेजारीशेजारी आहेत. आठ वर्षांपूर्वी दोन्हीकडची तरुण मुलं एकमेकांच्या अंगावर गेली होती. त्यानंतर चार समजूतदार माणसांना हाताशी धरून लेखकांनी क्रिकेटची स्पर्धा सुरू केली. तिच्या नावातच 'एकता' आहे. दरवर्षी दोन्ही वस्त्यांचे चार-चार संघ उतरतात. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात एका धावबादवरून वाद पेटला, स्टंप उपटले गेले, तीन मुलांना टाके पडले. आता समितीत दोन तट आहेत. काहींना स्पर्धा कायमची बंद करायची आहे. बाकीच्यांना ती यंदा दणक्यात करायची आहे: ध्वज, राष्ट्रगीत, मोठे पाहुणे, राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं. लेखक विचारतात, "खेळ माणसं जोडतो असं मी पंचवीस वर्षं मुलांना सांगत आलो. ती फसवणूक होती का? आणि यंदा करू काय?" पत्रात जाता जाता आणखी दोन गोष्टी आल्या आहेत. मैदानाच्या फाटकाची किल्ली एकाच वस्तीकडे असते. आणि मुलींनी संघ मागितला तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं.

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनात एका वाक्यापाशी अडखळले: "आठ वर्षं आम्ही या मुलांना एकत्र खेळवतोय." मग संघ मोजले. या वस्तीचे चार, त्या वस्तीचे चार. दोन्हीकडची मुलं असलेला एकही नाही. म्हणजे आठ वर्षं तुम्ही त्यांना समोरासमोर खेळवलंत. एकत्र खेळवणं अजून व्हायचंय.

हे वाचून वाईट वाटेल, पण मला यात तुमच्यासाठी दिलासाच दिसतो. 'खेळ माणसं जोडतो' हे खोटं ठरलं असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते त्याची परीक्षाच झालेली नाही.

अशी स्पर्धा भरवणारे तुम्ही पहिले नाही. मुंबईत एकेकाळी देशातली सर्वांत गाजलेली क्रिकेट स्पर्धा अशीच होती. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ मध्ये 'इतरां'चा (ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा) संघ येऊन पंचरंगी. गर्दी अफाट. सामने चांगले व्हायचे, खेळाडूंमध्ये मैत्रीही असायची, पण मैदानाबाहेर बसलेल्या माणसाला धावफलकावर दिसायचं ते धर्माचं नाव. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या अशा सामन्यांना उघड विरोध केला. १९४६ नंतर ही स्पर्धा बंद पडली. क्रिकेट बंद पडलं नाही. प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा १९३४ पासून सुरू होती, तीच पुढे चालली. तिच्यात एकाच संघात सगळ्या धर्मांचे खेळाडू होते.

सर, तुमच्या समितीचा वाद 'बंद करायची की मोठी करायची' असा आहे. मधला प्रश्न कुणी विचारलेलाच नाही, तो म्हणजे संघ कशावरून पाडायचे.

हा फरक किती मोठा आहे हे कुणीतरी मोजूनही पाहिलंय. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण घेतले आणि सोडतीने त्यांतल्या काहींना महिनाभराच्या क्रिकेट लीगमध्ये खेळवलं, बाकीच्यांना तुलनेसाठी बाहेर ठेवलं. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या संघात जाणार हेही सोडतीने ठरलं. काही संघ एकाच जातीचे निघाले, काही मिश्र. मिश्र संघांत खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातीतल्या मुलांशी मैत्र्या वाढल्या, आपल्याच जातीच्या माणसाला झुकतं माप देणं कमी झालं. दुसऱ्या जातीची मुलं ज्यांना मुख्यतः प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटली, त्यांचं येणंजाणं उलट घटलं. मात्र सगळ्याची गोळाबेरीज केली तेव्हा लीग खेळलेल्यांमधलं अंतर न खेळलेल्यांपेक्षा कमीच निघालं. म्हणून 'बंद करा' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. त्यांची भीती खरी आहे, तीन मुलांना टाके पडलेत. पण स्पर्धा बंद केल्यावर या दोन वस्त्यांतली मुलं एकमेकांना कुठे भेटतील? मला उत्तर सापडलं नाही. पत्रातही नव्हतं.

आता तो धावबाद. तुम्ही लिहिता, यष्टिरक्षक एका वस्तीचा, फलंदाज दुसऱ्या वस्तीचा. पंच कुठला ते लिहिलेलं नाही, पण दोरीपलीकडे उभ्या असलेल्या प्रत्येकाने बोट वर जायच्या आधी तेच पाहिलं असणार. चेंडू यष्टीला लागला तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की नाही हा प्रश्न तिथे उरतच नाही. निर्णय कुठल्या वस्तीचा, एवढंच उरतं.

तोच प्रसंग मिश्र संघात बघा. चेंडू फलंदाजाच्या पाठीमागे गेलाय, त्याला तो दिसत नाही. समोरच्या टोकाचा जोडीदार दुसऱ्या वस्तीचा आहे. तो ओरडतो, "ये!" मागे वळून बघायला वेळ नसतो. हाकेवर विश्वास ठेवून पळायचं किंवा धाव सोडायची. चार सामन्यांत अशा तीस-चाळीस हाका होतात. काही चुकतात, त्यावरून शिव्याही बसतात, पण त्या "तू झोपला होतास का?" अशा असतात, "तुम्ही लोक असेच" अशा नसतात. 'तुम्ही' जाऊन 'तू' आला, एवढ्यासाठी मला हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

दणक्यात करू म्हणणाऱ्यांना काय सांगायचं? ध्वज लावा, राष्ट्रगीत म्हणा, त्यात काही वावगं नाही. मोठ्या सामन्याने माणसं काही काळ खरोखर जवळ येतात. आफ्रिकी देशांतल्या फुटबॉलवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की राष्ट्रीय संघ जिंकल्यानंतरच्या दिवसांत लोक स्वतःची ओळख आपल्या जमातीवरून कमी सांगतात आणि इतरांवर थोडा जास्त विश्वास ठेवतात. पण राष्ट्रीय संघाचा विजय समितीच्या बैठकीत ठराव करून आणता येत नाही. आणि आला तरी तो किती काळ पुरतो?

आयव्हरी कोस्टचं उदाहरण समितीतलं कुणीतरी देईलच, म्हणून पूर्ण सांगते. २००२ पासून तो देश यादवी युद्धात दुभंगलेला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांचा फुटबॉल संघ पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला. दिदिए द्रोग्बा आणि त्याचे सहकारी कपडे बदलायच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि शस्त्रं खाली ठेवा म्हणून त्यांनी विनवणी केली. मार्च २००७ मध्ये शांतता करार झाला. जूनमध्ये बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात, बुआके शहरात, राष्ट्रीय संघ खेळला आणि मादागास्करविरुद्ध ५-० असा जिंकला. गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण २०१० च्या निवडणुकीनंतर तिथे पुन्हा हिंसाचार उसळला आणि सुमारे तीन हजार माणसं मेली. यात द्रोग्बाची चूक नव्हती. नागरिकत्व कुणाचं, मतदार कोण, असल्या भांडणांची उत्तरं फुटबॉलपटूंकडे नसतात.

दक्षिण आफ्रिकेचंही तसंच. १९९५ च्या रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला नेल्सन मंडेला संघाचा हिरवा जर्सी घालून आले. पाठीवर गोऱ्या कर्णधाराचा सहा नंबर होता. वर्णद्वेषाच्या काळात काळ्या जनतेला जो जर्सी नकोसा वाटायचा, नेमका तोच त्यांनी अंगावर चढवला. ते धाडसच होतं. पण त्या दिवशी मैदानावरच्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. सिया कोलिसी हा पहिला काळा कर्णधार २०१८ मध्ये झाला, म्हणजे मध्ये तेवीस वर्षं गेली. छायाचित्र एका दुपारी निघतं. खेडेगावांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलापर्यंत मैदान, बूट आणि प्रशिक्षक पोचायला पिढी जाते. तुमचे मोठे पाहुणे छायाचित्राला येतील. मुलांचा सराव घ्यायला येणार नाहीत.

म्हणून या कार्यक्रमाला पाच मिनिटं द्या. भाषण एकच, तेही गेल्या वर्षी टाके पडलेल्या मुलांपैकी कुणी बोलायला तयार असेल तर त्याचं. नाही तर नकोच. त्याआधी मात्र त्या तिघांच्या घरी जाऊन या. समितीतली दोन माणसं जा, एक या वस्तीतलं, एक त्या वस्तीतलं. स्पर्धेचा विषय पहिल्या भेटीत काढू नका.

आता किल्लीकडे येते. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण माझ्या मते गेल्या वर्षीची मारामारी धावबादवरून झालेलीच नाही. १९६९ मध्ये एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्यात विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांनंतर युद्ध झालं. सुमारे शंभर तास चाललेल्या त्या युद्धाला आजही 'फुटबॉल युद्ध' म्हणतात. प्रत्यक्षात भांडण जमिनीचं होतं. साल्वाडोरची लाखो माणसं होंडुरासमध्ये जाऊन जमीन कसत होती आणि होंडुरास त्यांना हुसकावत होता. सामन्याने ठिणगी टाकली, वाळलेलं गवत आधीपासून पडलेलं होतं. तुमच्याकडे रोज संध्याकाळी एका वस्तीतली मुलं फाटकापाशी येतात, कुलूप बघतात आणि परत जातात. वर्षाचे तीनशे दिवस कुलूप आणि मग एक दिवस एकता! त्या मुलांच्या जागी मी असते तर मीही स्टंप उपटला असता. (हे छापायचं की नाही यावर संपादकांशी थोडं बोलणं झालं.)

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी किल्ली, मग स्पर्धा. दुसरी किल्ली करून घ्या. कुठल्या दिवशी कोणाचा सराव याचं वेळापत्रक फाटकावर लावा आणि दोन महिने ते पाळलं जातंय का हे स्वतः जाऊन बघा. किल्ली द्यायला कुणी तयार नसेल, तर यंदा स्पर्धा घेऊ नका. बंद करायला मला पटणारं कारण हे एकच आहे.

किल्लीचं जमलं तर संघ पाडायला घ्या. नोंदणी संघाची नको, खेळाडूची करा. प्रत्येक वस्तीच्या नावांचे फलंदाज, गोलंदाज आणि नवखे असे गट करा, चिठ्ठ्या टाका आणि सगळ्यांसमोर लहान मुलांच्या हातून उचला. तेरा जणांच्या संघात कुठल्याही वस्तीचे किमान पाच असू द्या. एकटादुकटा घातला तर तो पाहुण्यासारखा सीमारेषेवर उभा राहतो आणि त्याला कुणी गोलंदाजी देत नाही. संघांना वस्त्यांची नावं नकोत, रंगांची चालतील. उपकर्णधार कर्णधाराच्या वस्तीतला नको.

बाद पद्धतही सोडा. आठ संघांच्या बाद पद्धतीत निम्मे संघ एका सामन्यात घरी जातात. एका दुपारच्या ओळखीतून काय निघणार? चार-चारचे दोन गट केलेत तर प्रत्येकाला किमान तीन सामने मिळतात, एकूण पंधरा सामन्यांत स्पर्धा आटोपते. त्याआधी पाच-सहा रविवार संघांचा सराव हवाच. तो नसेल तर चिठ्ठ्यांचा काही उपयोग नाही. सामन्याच्या सकाळी एका रंगाचे टी-शर्ट घातलेले तेरा अनोळखी लोक म्हणजे संघ नव्हे.

विरोध होईल, आणि तो उत्तम खेळाडूंकडून होईल. "आमचा संघ आठ वर्षांचा आहे, आम्ही त्यांच्यासाठी का फोडायचा?" हा प्रश्न रास्त आहे. वस्तीचा संघ म्हणजे त्या मुलांचा मान असतो, आणि काहींकडे तेवढाच असतो. त्यांना एकतेवर व्याख्यान देऊ नका. तीन-चार ज्येष्ठ खेळाडूंना कर्णधार करा आणि नवख्यांना तयार करण्याचं काम सोपवा. बक्षिसाची रोख रक्कम कमी करा, वैयक्तिक बक्षिसं वाढवा. सामन्याचे दोन पंच खेळत नसलेल्या संघांतून घ्या, दोन वस्त्यांमधून एकेक. पंचाशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने. ध्वनिक्षेपक कुणाच्या हाती आहे तेही बघा. टोमणे मारणारा एक समालोचक सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. आणि तरीही काही जण खेळायला येणार नाहीत. येऊ देऊ नका असं नाही, पण त्यांच्या मागे लागू नका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा गट वाढवा, त्यांच्यात जुनी भांडणं कमी असतात.

एवढं करूनही मैदानातलं मैदानातच राहण्याचा धोका आहे. सल्मा मूसा या संशोधिकेने इराकमध्ये, इसिसच्या अत्याचारांनंतर, ख्रिश्चन विस्थापितांच्या फुटबॉल संघांवर असा प्रयोग केला. निम्म्या संघांत तीन-तीन मुस्लिम खेळाडू घातले. हंगामानंतर त्या संघांतले ख्रिश्चन खेळाडू दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मत देऊ लागले, पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव नोंदवू लागले, सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करत होते. पण मुस्लिमबहुल मोसुल शहरातल्या उपाहारगृहात जाण्याची वेळ आली तेव्हा फारसा फरक दिसला नाही. खेळाडूवर विश्वास बसला, अनोळख्यावर नाही.

हे वाचताना मला पळवणकर बाळू आठवतात. ते दलित होते. डावखुरे फिरकी गोलंदाज, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतलेले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण पुण्यात खेळत असताना चहाच्या सुट्टीत सहकारी आत बसायचे आणि बाळूंना बाहेर, टाकून द्यायच्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडू त्याच हातातून घ्यायचे, कप मात्र वेगळा. कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेही आपोआप नाही, बऱ्याच भांडणानंतर. एकाच संघात असणं पुरत नाही, सर. सुट्टीत कोण कुठे बसतं याकडे लक्ष लागतं.

यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. प्रत्येक संघाला एकच किटबॅग द्या. बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज सगळं तिच्यात. ती मैदानावरच्या खोलीत ठेवायची नाही. या रविवारी एका वस्तीतल्या खेळाडूच्या घरी, पुढच्या रविवारी दुसऱ्या वस्तीतल्या. सरावाला निघताना कुणालातरी ती आणायला त्या दारात जावं लागेल. दार कुणाची तरी आई उघडेल, "थांब, तो आंघोळ करतोय" म्हणेल, आणि तो मुलगा पाच मिनिटं उंबऱ्याशी उभा राहील. पहिल्या दोन-तीन वेळा दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. बॅग हरवेल, ग्लोव्ह्ज ओले राहतील, तक्रारी तुमच्याकडे येतील. येऊ द्या.

आणि यश कशावरून ठरवायचं, हेही आताच ठरवा. अंतिम सामना शांततेत पार पडला म्हणजे जमलं असं धरू नका. पोलिस उभे केले तरी तो शांततेत होतो. स्पर्धा संपल्यावर दोन महिन्यांनी संध्याकाळी मैदानावर चक्कर मारा. तुम्ही काहीही भरवलेलं नसताना मुलं कशी खेळताहेत, संघ कसे पाडताहेत, तेवढं बघा. पहिल्या वर्षी फार बदल दिसेल असं मला वाटत नाही.

राहिल्या मुली. एकतेचं नाव घेऊन भरणाऱ्या स्पर्धेत अर्धी वस्ती दोरीपलीकडे टाळ्या वाजवत उभी असेल, तर ती एकता कुणाची? नैरोबीच्या माथारे या झोपडवस्तीत १९८७ मध्ये मुलांची फुटबॉल संघटना सुरू झाली. तिथे वस्तीतला कचरा साफ करणाऱ्या संघाला त्याचेही गुण मिळतात, म्हणजे गटारं उपसणं लीगच्या तक्त्यात मोजलं जातं. मुलींचे संघ तिथे काही वर्षांनी आले, आणि आल्यावर टिकले. तुमच्याकडे तर मुलींच्या बाबतीत एक सोय आहे. त्यांचे वस्तीनिहाय संघ कधी झालेच नाहीत, त्यामुळे मोडायचंही काही नाही. पहिल्या दिवसापासून दोन्ही वस्त्यांतल्या मुलींचे मिश्र संघ पाडता येतील. फक्त 'मुली एकता आणतील' असं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. त्यांना खेळायचंय, एवढंच त्यांनी मागितलंय.

वेळापत्रक फाटकावर लावाल तेव्हा त्यात त्यांचे दोन दिवस आधी लिहा, उरलेले बाकीच्यांना वाटा. नंतर जागा काढू म्हटलं की जागा उरत नाही, हे शाळेचं वेळापत्रक करताना तुम्ही पाहिलं असेलच. संध्याकाळी किती वाजेपर्यंत उजेड असतो आणि घरी परतताना सोबत कोण असेल, हे त्यांच्या घरच्यांशी बोलून घ्या. तुमच्या 'पुढच्या वर्षी बघू'ला आता वर्ष होत आलंय. पहिला सराव कधी, एवढं या आठवड्यात त्यांना कळवा.